मैदान पिकवावं लागतं

संक्रांतीच्या दिवसांत सोलापूरच्या होम मैदानावर उभं राहिलं की एका जागेवर किती जणांचा हक्क असू शकतो, ते दिसतं. सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरलेली असते. एकीकडे मानाच्या सात नंदीध्वजांची परंपरा, होम आणि शोभेचं दारूकाम. दुसरीकडे उंच पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांची आणि खेळण्यांची दुकानं. जत्रा उठली की हेच मैदान सकाळी फिरायला येणाऱ्यांचं, दुपारी टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांचं आणि संध्याकाळी स्कूटर शिकणाऱ्यांचं होतं. निवडणुका आल्या की सभांचं, एरवी प्रदर्शनांचं. आणि वारा सुटला की त्याचा फुफाटा आसपासच्या सगळ्यांचाच.

या फुफाट्यावर सोलापुरात वर्षानुवर्षं बोललं जातं. जत्रेच्या आधी बैठका होतात, मैदानावर पाणी मारलं जातं, मॅट अंथरण्याच्या सूचना निघतात. जानेवारी संपला की विषय मिटतो आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा निघतो. शहरातल्या मोकळ्या जागांकडे आपण एकतर रिकामी जमीन म्हणून पाहतो, नाहीतर बांधकामाची संधी म्हणून. कुंपण, ट्रॅक, दिवे, कमान झाली की मैदान 'झालं'. खरं तर मैदान ही शेती आहे. त्याला माती लागते, पाण्याची पाळी लागते, विश्रांती लागते आणि रोज बांधावर येणारा माणूस लागतो. हे सगळं जमलं तरच गर्दीच्या दिवसांत ते पीक देतं.

मैदानाची अशी शेती जगात सर्वांत काटेकोरपणे कुणी केली असेल, तर गोल्फवाल्यांनी. सोलापूरच्या वाचकाला हा खेळ लांबचा आणि श्रीमंतांचा वाटेल. पण जगातली अनेक गोल्फ मैदानं सार्वजनिक आहेत. कुणी नगरपालिकेच्या मालकीची, कुणी राज्याच्या उद्यानातली, कुणी गावाच्या विश्वस्त मंडळाने चालवलेली. प्रचंड जागा, पाण्याची तहान, रोज शेकडो पाय आणि 'ही जागा नक्की कुणासाठी' हा कायमचा वाद, हे सगळं त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं आहे. त्यांच्याकडून काय घ्यावं आणि काय सोडावं, ते पाहू.

जागा कुणाची

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या छोट्या गावात समुद्राकाठी वाळूची, गवताळ जमीन आहे. गोल्फ खेळणारे तिला या खेळाचं मूळपीठ मानतात. १५५२ सालच्या एका सनदेत तिथल्या आर्चबिशपने त्या जमिनीवर ससे पाळण्याचा अधिकार घेतला आणि त्याच वेळी गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क मान्य केला. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस गावाची तिजोरी रिकामी झाली. १७९७ मध्ये जमीन कर्जापायी हातची गेली आणि सशांचा धंदा करणाऱ्यांनी तिचा ताबा घेतला. सशांनी मैदान पोखरलं. खेळाडू आणि ससेवाले यांच्यातली भांडणं कोर्टात गेली आणि वर्षानुवर्षं चालली. १८९४ मध्ये खास कायदा होऊन जमीन पुन्हा गावाच्या मालकीची झाली. १९७४ पासून एक सार्वजनिक विश्वस्त मंडळ ती सांभाळतं.

या मैदानावरच्या खेळाच्या पहिल्या आणि अठराव्या पट्ट्याला छेदून आजही एक सार्वजनिक रस्ता जातो. माणसं तिथून चालत जातात, खेळाडू थांबतात. रविवारी मुख्य मैदानावर खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी तिथे फिरतात, मुलं बागडतात. बाहेरून येणाऱ्यांची झुंबड असल्यामुळे खेळण्याच्या बऱ्याचशा वेळा चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. स्थानिकांना वर्षभराचा पास परवडेल अशा दरात मिळतो. म्हणजे हक्क एकाचा नाही, पण कुणाचा हक्क कुठल्या दिवशी आणि कितपत, हे लिहून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे असला वाद नवा नाही. १८८० च्या आसपास मुंबईच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, भारतीय मुलं क्रिकेट खेळायची. त्याच जागेवर युरोपियन जिमखान्याचे साहेब घोड्यांवरून पोलो खेळायचे. टापांनी जमीन उखडायची आणि चेंडू कुठेही उसळायचा. मुलांच्या बाजूने गव्हर्नरकडे अर्ज गेले, वर्तमानपत्रांतून पत्रं आली. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे फिरला. पुढे समुद्रकिनाऱ्यालगत वेगवेगळ्या समाजांच्या जिमखान्यांना जागा मिळाल्या. वादाच्या मुळाशी मात्र एक साधी भौतिक गोष्ट होती. घोड्याची टाप आणि मुलाचा अनवाणी पाय यांचा जमिनीवरचा भार सारखा नसतो. सर्वांना समान हक्क म्हणजे सर्वांना सारखाच वापर, असं धरलं की मैदान ज्याचा भार जास्त त्याच्या ताब्यात जातं.

होम मैदानाची जागा महापालिकेची आणि जत्रेच्या काळात ती सिद्धेश्वर देवस्थान पंच कमिटीकडे सोपवली जाते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने चालत आलेली ही जत्रा सोलापूरची ओळख आहे. तिचा हक्क कुणी नाकारणार नाही आणि नाकारू नये. प्रश्न उरलेल्या वर्षाचा आहे. त्या काळात मैदानाचा धनी कोण, हे कागदावर स्पष्ट असलं तरी रोजच्या व्यवहारात दिसत नाही. पाळण्याच्या पायासाठी खणलेले खड्डे कोण बुजवणार? सभेच्या मांडवाने रुतलेली माती कोण मोकळी करणार? हे ठरलेलं नसेल तर ती कामं पावसावर सोडली जातात.

पायाखालची माती

सोलापूरच्या मैदानांचं दुखणं समजून घ्यायचं तर मातीपासून सुरुवात करावी लागते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर मुरूम आणि त्यावर कमी-जास्त जाडीची काळी माती, ही इथली रचना. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून पावसात पाय रुततो आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

अशा मातीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओल असताना तिच्यावर पडलेलं वजन. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतून हवा आणि पाणी मुळांपर्यंत पोहोचतं. ओल्या काळ्या मातीवरून मालट्रक गेला की पोकळ्या मिटतात आणि जमीन घट्ट बसते. पुढचा पाऊस आत न मुरता वाहून जातो. मुळं खाली जात नाहीत, गवत मरतं. उघडी पडलेली माती हजारो पायांखाली दळली जाते आणि तिचा मैद्यासारखा धुरळा होतो. मग आपण त्यावर टँकरने पाणी मारतो. वरचा थर तेवढ्यापुरता दबतो, उन्हात वाळतो आणि पुन्हा उडू लागतो. फुफाटा हा जानेवारीत दिसतो, पण तो तयार होतो मैदान घट्ट होण्याच्या आणि गवत मरण्याच्या काळात.

बाहेरून माती आणून टाकणं हा सहज सुचणारा उपाय. मुंबईच्या शिवाजी पार्कवर लाल माती पसरली गेली आणि पुढे त्याच मातीच्या धुळीने रहिवासी हैराण झाले. मोकळी, बारीक, गवताने न बांधलेली माती कुठल्याही रंगाची असो, ती उडणारच.

गोल्फवाल्यांकडे घट्ट जमिनीवर जुना इलाज आहे. जमिनीत ठरावीक अंतरावर पोकळ दात्यांनी बोटभर खोल भोकं पाडायची, मातीच्या कांड्या बाहेर काढायच्या आणि भोकांत जाड वाळू भरायची. हवा आत जाते, पाणी उतरतं, मुळं खाली धावतात. सेंट अँड्र्यूजचा टॉम मॉरिस १८६५ पासून जवळजवळ चार दशकं तिथलं मैदान राखत होता. गवतावर वाळू पसरत राहण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. मैदानाला आठवड्यातून एक दिवस विश्रांती हवीच, याबद्दलही तो ठाम होता. काळ्या मातीत नुसती वाळू मिसळून चालत नाही. आधी निचरा लागतो, उताराला चर लागतात, नाहीतर त्याच भोकांत पाणी साठून चिखल होतो. पण तत्त्व तेच. मैदानाची डागडुजी पृष्ठभागावर नव्हे, मुळांच्या थरात करायची असते.

पाण्याचा हिशेब

सोलापुरात कुठलाही हिरवा बेत पाण्यापाशी येऊन थांबतो. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा आणि पिण्याचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. अशा गावात लॉनसाठी पाणी मागताना आकडे समोर ठेवावेत.

गणित सोपं आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उन्हाच्या दिवसांत गवत हिरवंगार ठेवायचं तर रोज पाचेक मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी पन्नास हजार लिटर. क्रिकेटचं एक मैदान साधारण दीड हेक्टर धरलं तर रोजचे पंचाहत्तर हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी १३५ लिटर धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने हे साडेपाचशे माणसांचं पाणी झालं.

आता अठरा होलचा, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खळग्यांचा, पूर्ण आकाराचा गोल्फ कोर्स घ्या. त्याला पन्नास-साठ हेक्टर जागा लागते. त्यातलं वीस हेक्टर गवत जरी सतत हिरवं ठेवायचं म्हटलं तरी रोज दहा लाख लिटर पाणी, म्हणजे सात हजारांहून अधिक माणसांचा वाटा. नवी मुंबईत सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सर्वांना शुल्क भरून खेळता येईल असा गोल्फ कोर्स उभा केला. सुरुवातीला तो अकरा होलचा होता. दिल्लीत विकास प्राधिकरणाने लाडो सरायला कुतुबजवळ असाच सार्वजनिक कोर्स चालवला आहे. पण खारघरला कोकणचा पाऊस आहे. सोलापूरने त्याची नक्कल केली तर ती नळाच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांवर येईल, आणि ते योग्यच असेल.

मात्र याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. साडेपाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर वर्षाला पंचावन्न लाख लिटर पाणी पडतं. ते बहुतेक जूनपासून सप्टेंबरपर्यंत येतं, त्यातही सप्टेंबरमध्ये जोर जास्त. काही मोजक्या सरींत कोसळून ते गटारात जातं. हा प्रश्न सोलापूरने फार पूर्वी शेतीत हाताळला आहे. १९३३ च्या सुमारास इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. देशातल्या अशा अगदी पहिल्या केंद्रांपैकी ते एक. बांध घालून पाणी जिथे पडलं तिथेच मुरवायचं, वरचा थर मोकळा राखून ओल टिकवायची, पावसाच्या अंदाजाने पेरायचं, ही शिकवण तिथून सोलापूरच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचली. शहराच्या हद्दीत शिरताना मात्र ती कुठेतरी गळाली. उताराला समपातळीत उथळ चर, कडेला शोषखड्डे आणि सखल कोपऱ्यात साठवण, एवढं केलं तर मैदान स्वतःचं बरंचसं पाणी स्वतः धरतं. शिवाजी पार्कवरही धुळीवर उपाय म्हणून पावसाचं पाणी जमिनीत साठवून त्यावर गवत वाढवण्याचा मार्ग धरला गेला.

दुसरा साठा सांडपाण्याचा. सोलापुरात भुयारी गटार योजना आणि तीन मलनिस्सारण केंद्रांचं लोकार्पण जानेवारी २०१९ मध्ये झालं. अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या वाळवंटी राज्यात बरीच गोल्फ मैदानं प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर जगतात. सोलापूरची मैदानं आणि बागा त्याच वाटेने जाऊ शकतात. इथे एक काळजी घ्यावी लागते. अशा पाण्यात क्षार, विशेषतः सोडियमचे, जास्त असतात. काळ्या मातीत सोडियम साठलं की चिकणमातीचे कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात आणि जमीन चोपण होते. म्हणून पाण्याची आणि मातीची नियमित तपासणी, गरजेप्रमाणे जिप्सम आणि पावसात क्षार धुवून जातील असा निचरा, हे तिन्ही एकदम हवं.

हरळीची ताकद

गवत कोणतं लावायचं, याचं उत्तर सोलापूरच्या शेताच्या बांधावरच मिळतं. ज्या हरळीला शेतकरी खणून खणून कंटाळतो, तिच्याच जातीचं गवत जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या गोल्फ आणि क्रिकेट मैदानांवर मानाने लावलं जातं. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. जमिनीखालच्या कांड्यांनी आणि जमिनीवरच्या धावत्या फांद्यांनी ती पसरते. तुडवली तरी परत फुटते. उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही तर वाळल्यासारखी पिवळी पडते, पण खालची कांडी जिवंत असते आणि पहिल्या पावसाला हिरवी होते.

हा तिचा गुण लक्षात घेतला की आपली एक अपेक्षा बदलावी लागते. एप्रिल-मेमध्ये पिवळं पडलेलं मैदान म्हणजे बिघडलेलं मैदान नव्हे. मुळं धरून बसलेलं वाळकं गवतसुद्धा माती उडू देत नाही. गोल्फमधले अनेक जाणकारही बारमाही हिरवेपणाचा हट्ट सोडून कोरड्या, टणक मैदानाची बाजू घेतात. पाणीटंचाईच्या भागांत तर चेंडू ढकलायची शेवटची जागा गवताऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूची करण्याची जुनी पद्धत आहे. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टच्या जगप्रसिद्ध कोर्सवर १९३५ पर्यंत या जागा वाळूच्याच होत्या. खेळाचा दर्जा हिरव्या रंगावर अवलंबून नसतो.

गोल्फची आणखी एक व्यवस्था आपल्या कामाची आहे. संपूर्ण मैदानाची निगा तिथे सारखी राखत नाहीत. जिथे चेंडू घरंगळत होलात जायचा, ती जागा तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापतात, रोज पाहतात. अठरा होलच्या या सगळ्या जागा मिळून एखाद्या हेक्टरच्या आसपासच भरतात. मधल्या पट्ट्यांची निगा मध्यम. बाकीच्या मोठ्या भागात गवत आपल्या मनाने वाढतं. पैसा आणि पाणी थोड्या जागेवर एकवटतात.

होम मैदानाची अशी प्रतवारी करता येईल. जत्रेची दुकानं आणि पाळणे दरवर्षी साधारण जिथे बसतात, तिथे मुरूम दाबून कायमचा टणक पट्टा करावा. गाड्या आणि रुग्णवाहिका ये-जा करतील तो रस्ताही त्यातच. मधला भाग हरळीचा. कडेला, झाडांच्या ओळीत, पवन्या आणि मारवेल यांसारखी इथलीच गवतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर, माळढोकासाठी राखलेल्या अभयारण्यात, ही माळाची गवतं कोणी पाणी न घालता वाढतात. शहरातल्या माणसाला माळरान म्हणजे पडीक जमीन वाटते. नान्नजला जाऊन आलेला माणूस तसं म्हणत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

शेतकरी कॅलेंडर पाहून पेरतो. मैदानाचंही तसंच असायला हवं आणि सोलापूरचं निसर्गचक्र या बाबतीत शहराच्या बाजूने आहे. गवत वाढण्याचे दिवस जून ते ऑक्टोबर. मोठ्या गर्दीचे दिवस डिसेंबर-जानेवारी. म्हणजे वाढ आधी आणि वापर नंतर.

त्यानुसार वर्ष असं मांडता येतं. जत्रा उठल्यावर फेब्रुवारीत खड्डे बुजवणं, खिळे-काचा वेचणं, घट्ट झालेली जमीन मोकळी करणं. मार्च ते मे हलका वापर, म्हणजे मुलांचा खेळ, फिरणारी माणसं, पण वाहन आत नाही. मेअखेर चर साफ करणं आणि उघड्या पडलेल्या जागी हरळीच्या कांड्या लावायची तयारी. जूनमध्ये लावण. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाचे भाग पाडून आळीपाळीने बंद, एक भाग खेळासाठी उघडा आणि दोन भाग वाढीसाठी राखून. ओल असताना कुठल्याही कारणासाठी जड वाहनाला मनाई, मग सभा कुणाचीही असो. ऑक्टोबरमध्ये एकदा कापणी. नोव्हेंबरपासून मैदान गर्दीला तयार.

या मांडणीत जत्रा मैदानाची अडचण राहत नाही. उलट ती पिकाची काढणी होते. चार महिने राखलेलं गवत तीन आठवड्यांत तुडवलं जाईल, हे गृहीतच आहे. पुढच्या पावसात ते भरून येईल अशी सोय केली की झालं.

क्रिकेटच्या मैदानाचं वेळापत्रक याहून नाजूक असतं. होम मैदानापासून जवळच असलेलं इंदिरा गांधी स्टेडियम, सोलापूरकरांचं पार्क स्टेडियम, स्मार्ट सिटीच्या कामांत नव्याने उभं राहिलं. जानेवारी २०२४ मध्ये तिथे महाराष्ट्र आणि मणिपूर यांच्यात रणजी सामना झाला. सोलापूरला रणजी सामना सुमारे तीन दशकांनी मिळाला. खेळपट्टी मांडवाखाली महिनाभर झाकून ठेवता येत नाही. तिच्यावर व्यासपीठाचे खांब रोवले की वर्षाचं काम वाया जातं. त्यामुळे शहरातल्या मोठ्या मैदानांत कामाची वाटणी हवी. एकाने गर्दी सोसायची, दुसऱ्याने खेळ सांभाळायचा. दोन्हीकडे दोन्ही करायला गेलं की दोन्ही मैदानं जातात.

राखणारी माणसं

मैदानाच्या चर्चेत ज्याचं नाव शेवटी येतं, तो माणूस खरं तर पहिला असतो. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपियनांच्या क्लबात एक तरुण खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा आणि जाळ्या बांधायचा. साहेबांना सरावासाठी गोलंदाजीही टाकायचा. तो पालवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. दलित समाजातून आलेला तो देशातला पहिला मोठा क्रिकेटपटू. भारतीय गोल्फमध्येही असंच दिसतं. दिल्लीत खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींमधून आलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. मैदानावर रोज राबणाऱ्याला त्याचं वळण, त्याचा ओलावा, चेंडूची उसळी इतरांआधी कळते.

आपल्या नगरपालिकांत ही कामं बहुधा ठेकेदाराकडे जातात. ठेका वर्षाचा, माणसं महिन्याची. जो माळी पावसाळ्यात कुठे पाणी तुंबतं ते पाहतो, तो उन्हाळ्यात तिथे चर खणायला उरलेला नसतो. टॉम मॉरिसने जवळजवळ चाळीस वर्षं एकच मैदान राखलं, त्याचा अर्थ इथे लागतो. एका मोठ्या मैदानाला किमान दोन कायमची माणसं, त्यांना माती-गवताचं थोडं प्रशिक्षण आणि मैदान बंद ठेवण्याचा अधिकार हवा. तो शेवटचा अधिकार सर्वांत महत्त्वाचा. पाऊस पडून गेल्यावर 'आज गाडी आत येणार नाही' असं माळ्याने म्हटलं आणि वरिष्ठांनी ते उचलून धरलं, तर निम्मं काम झालं.

नागरिकांनी जबाबदारी घेतल्याची उदाहरणंही आहेत. मुंबईच्या ओव्हल मैदानाची दुरवस्था झाली होती तेव्हा, १९९० च्या दशकात, आसपासच्या रहिवाशांनी न्यास स्थापन करून त्याची देखभाल अंगावर घेतली आणि मैदान पुन्हा खेळासाठी उभं राहिलं. पण याच मुंबईत मोकळे भूखंड दत्तक देण्याच्या धोरणातून काही ठिकाणी सभासदांचे क्लब उभे राहिले आणि सामान्य माणूस फाटकाबाहेर राहिला. कल्पना एकच, परिणाम दोन. फरक करारातल्या अटींचा होता: प्रवेश खुला राहील की नाही, बांधकाम किती होईल, हिशेब कुणाला दाखवायचा.

पैसा आणि वही

गोल्फ कोर्स खेळणाऱ्याकडून शुल्क घेतो आणि तेच शुल्क मैदानावर खर्च करतो. सार्वजनिक कोर्सवर स्थानिकाला कमी दर आणि पाहुण्याला जास्त. अमेरिकेत सॅन दिएगो नगरपालिकेच्या टॉरी पाइन्स कोर्सवर मोठ्या स्पर्धा होतात. शहरातला रहिवासी तिथे बाहेरच्या माणसाच्या तुलनेत बऱ्याच कमी पैशांत खेळतो.

सोलापूरच्या मैदानांवर मुलांकडून पैसे घेण्याचं कारण नाही. पण मैदानावर भार टाकणारा पैसे देऊ शकतो. प्रदर्शनं, मोठ्या सभा, व्यावसायिक कार्यक्रम यांच्याकडून भाडं तर घ्यावंच, शिवाय मैदान पूर्ववत करण्याची अनामतही घ्यावी. ती रक्कम मैदानाच्या स्वतंत्र खात्यात जावी. सर्वसाधारण तिजोरीत गेलेला पैसा रस्त्याच्या खड्ड्यात जातो, मैदानाच्या खड्ड्यात पोहोचत नाही. स्मार्ट सिटीसारख्या योजनांतून बांधकामाला निधी मिळतो. त्यानंतरच्या वीस वर्षांच्या निगेचा पैसा अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दिसला नाही, तर नवं काम दोन पावसाळ्यांत जुनं होतं.

त्याबरोबर एक साधी वही. कोणत्या तारखेला मैदान कुणाला दिलं, किती वाहनं आत आली, किती पाणी घातलं, पाऊस किती पडला, गवत कुठे गेलं आणि दुरुस्तीला किती खर्च आला. चांगल्या गोल्फ कोर्सवर अशी नोंद रोज होते. ती फाटकाजवळच्या फलकावर महिन्याला लावली तर फुफाट्यावरचं भांडण आकड्यांवर येईल.

मग सोलापूरला गोल्फ कोर्स हवा का? अठरा होलचा, बारमाही हिरवा, तर स्पष्टपणे नको. ती पाण्याची चैन या शहराला परवडणार नाही. शहराबाहेर, सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्राजवळ, माळाच्या गवतातला आणि वाळूच्या जागांचा नऊ होलचा छोटा कोर्स कल्पनेत आणता येतो. शाळेच्या मुलांना तिथे काठ्या भाड्याने मिळाव्यात आणि उरलेली जागा माळरान म्हणून टिकावी. पण त्याआधी एक परीक्षा आहे. होम मैदानाच्या एका भागावर तीन पावसाळे हरळी राखून दाखवायची आणि त्याची वही लोकांसमोर ठेवायची. हे ज्या शहराला जमेल त्याने नवं मैदान मागावं. ज्याला जमणार नाही त्याला नव्या जागेचाही फुफाटाच मिळेल, फक्त तो जास्त महाग पडेल.